ड्रॅगन आधी मोठा की आधी हिरवा?

साधारण सात वर्षांच्या एका मुलाने ड्रॅगनची गोष्ट लिहिली आणि आईला दाखवली. आई ड्रॅगनबद्दल अवाक्षर बोलली नाही. तिने एवढंच सांगितलं, की इंग्रजीत ड्रॅगन आधी 'मोठा' असतो, मग 'हिरवा'. 'हिरवा मोठा' म्हणता येत नाही. का नाही? हे कोडं साठी ओलांडल्यावरही सुटलेलं नाही, असं त्या मुलाने पुढे लिहून ठेवलंय. तो मुलगा म्हणजे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला जे. आर. आर. टॉल्किन.

तुम्हीही 'लाकडी जुनं मोठं कपाट' म्हणून बघा. अर्थ कळतो, पण कानाला खटकतं. हा नियम तुम्हाला कोणत्या इयत्तेत शिकवला होता?

टॉल्किनचा जन्म १८९२चा, दक्षिण आफ्रिकेतला. तो चार वर्षांचा असताना वडील गेले, बारा वर्षांचा असताना आई. लॅटिन त्याला पहिल्यांदा तिनेच शिकवलं होतं. बर्मिंगहॅमला राहत असताना जवळून जाणाऱ्या कोळशाच्या वॅगनींवर त्याला वेल्श नावं दिसायची. उच्चार येत नव्हता, पण ती डोक्यात बसली ती बसलीच. वेल्श भाषेत विशेषण सहसा नामाच्या नंतर येतं. वेल्सच्या झेंड्यावरच्या लाल ड्रॅगनला तिथले लोक 'ड्रॅगन लाल' म्हणतात! साधं वाक्यही क्रियापदाने सुरू होतं, 'खाल्ला रामने आंबा' अशा थाटात.

पुढे टॉल्किनने एल्फ लोकांसाठी सिंडारिन भाषा रचली, तेव्हा तिचा नाद वेल्शवर बेतला आणि विशेषणही नामानंतर ठेवलं. त्याच्या नकाशातलं 'एरेड लुइन' म्हणजे निळे पर्वत; शब्दशः मात्र 'पर्वत निळे'. इंग्रजी वाचकाला परग्रहावरचा वाटेल असा हा क्रम, पण तो शेजारच्या वेल्समध्ये रोज बोलला जातो.

पहिल्या महायुद्धात सोमच्या आघाडीवरून आजारी होऊन परतलेला टॉल्किन १९२५मध्ये ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सनचा, म्हणजे जुन्या इंग्रजीचा, प्राध्यापक झाला. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या रोहनच्या लोकांची भाषा त्याने जुन्या इंग्रजीच्या आधारानेच उभी केली. त्यांच्या प्रसंगांत वाक्यं जुन्या वळणाची होतात, शब्द जागा बदलतात. डिसेंबर १९५४मध्ये ह्यू ब्रोगन या तरुण वाचकाने याच शैलीवर टीका केली. पुढच्या सप्टेंबरमध्ये त्याने माफीही मागितली, तेव्हा टॉल्किन सविस्तर उत्तर लिहायला बसला.

त्याचं म्हणणं होतं, की ज्या शब्दावर जोर द्यायचा तो सरळ आधी ठेवायची सोय जुन्या इंग्रजीत होती. आधुनिक इंग्रजीने ती गमावली, म्हणून तिला मधे पोकळ शब्द भरावे लागतात. शिवाय त्या काळचा राजा आजच्यासारखं बोलला, तर त्याचा विचारच खोटा वाटेल. मला हा दुसरा मुद्दा जास्त पटतो. पहिला तर आपल्याला समजावून सांगायलाच नको. 'मी पैसे दिले', 'पैसे मी दिले', 'दिले मी पैसे' ही कसरत तुम्ही कँटीनमध्ये रोज करता.

ते लांबलचक उत्तर टॉल्किनने पोस्टात टाकलंच नाही. त्याऐवजी ब्रोगनला छोटीशी चिठ्ठी गेली: विषय पत्रात मावणार नाही, भेटल्यावर बोलू. टॉल्किन १९७३मध्ये गेला. तो मसुदा १९८१मध्ये त्याच्या पत्रसंग्रहात छापून आला.