डेथ मेटलचा बाप म्हणतात त्या चक शुल्डिनरच्या बँडमध्ये कुणीच का टिकत नव्हतं?

तुमच्या ओळखीत असा एक तरी गडी असेलच. उन्हाळा असो की पावसाळा, अंगात काळा टीशर्ट. टीशर्टवर बँडचं नाव अशा काटेरी अक्षरांत की वाचायला दहा मिनिटं लागावीत. आणि त्याच्या खोलीतून येणारं गुरगुरणं ऐकून आईने दार वाजवून विचारावं, बाळा, बरं वाटत नाहीये का?

त्या गुरगुरण्याला ग्राऊल म्हणतात आणि ते ज्या संगीतात चालतं त्याला डेथ मेटल. ऐकणाऱ्याला वाटतं गायक नुसता बोंबलतोय. पण छातीतून, पोटातून हवेचा जोर लावून, घशावर ताण येऊ न देता तासभर तसं गात राहणं ही रियाजाची गोष्ट आहे. बसल्या जागी करून बघा, दुसऱ्या मिनिटाला खोकला येईल.

हा प्रकार जगभर पोहोचवणाऱ्यांत एक नाव सगळ्यात आधी घेतलं जातं, चक शुल्डिनर. बँडचं नाव डेथ. वयाच्या विसाव्या वर्षी पहिला अल्बम, चौतिसाव्या वर्षी मृत्यू. मधल्या काळात ७ स्टुडिओ अल्बम आणि त्यातल्या कुठल्याही दोन अल्बमवर सारखी टीम नाही. लोक म्हणायचे चक हेकट आहे, त्याचं कुणाशी पटत नाही. आता हे खरं होतं का, ते बघायला सुरुवातीपासून जावं लागतं.

चकचा जन्म १३ मे १९६७ चा, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचा. वडील ज्यू. आई अमेरिकेच्या दक्षिणेकडची, तिनेही ज्यू धर्म स्वीकारलेला. चक वर्षाचा असताना कुटुंब फ्लोरिडाला गेलं आणि ओरलँडोजवळच्या अल्टामाँट स्प्रिंग्ज नावाच्या गावात स्थायिक झालं. तीन भावंडं. त्यात चक शेंडेफळ.

तो ९ वर्षांचा असताना मोठा भाऊ कार अपघातात गेला. भावाचं वय होतं १६.

पोरगं आतल्या आत मिटून जायला लागलं. आईवडिलांनी विचार केला की याचं मन कशात तरी गुंतवायला पाहिजे, म्हणून गिटार आणून दिली. क्लासही लावला. पण मास्तर शिकवत होते बालगीतं आणि शास्त्रीय धडे. वर्ष व्हायच्या आतच क्लास बंद आणि गिटार कोपऱ्यात. गोष्ट इथेच संपायची. पण आईवडिलांना कुठल्याशा घरगुती सेलमध्ये जुनी इलेक्ट्रिक गिटार दिसली, त्यांनी ती उचलली, सोबत अँप्लिफायर घेतला. त्यानंतर चक खोलीतून बाहेर यायचाच बंद झाला.

ऐकायचा काय, तर आधी किस. तोंडं रंगवून स्टेजवर आग ओकणारा बँड, तेव्हाच्या प्रत्येक अमेरिकन पोराचा लाडका. मग आयर्न मेडन आणि ब्रिटनमधून आलेली हेवी मेटलची लाट. तिथून व्हेनम, स्लेयर, मर्सिफुल फेट, आणि सॅन फ्रान्सिस्कोजवळचा पझेस्ड. पुढे सगळे चकला डेथ मेटलचा बाप म्हणायला लागले तेव्हा त्याला ते अवघड व्हायचं, मान पझेस्डचा आहे असं तो सांगायचा. गाण्याची तऱ्हा पझेस्डच्या जेफ बेसेराकडून उचलली होती, हे त्याचा सुरुवातीचा आवाज ऐकला की कळतंच.

यासोबत तो जाझ आणि शास्त्रीय संगीतही ऐकायचा. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं.

१९८३ मध्ये चक १६ वर्षांचा होता. रिक रॉझ गिटारवर, कॅम ली ड्रमवर आणि चक, असा तिघांचा बँड जमला. नाव ठेवलं मँटास, जे व्हेनमच्या गिटारिस्टचं टोपणनाव होतं. म्हणजे आपल्याकडे पोरांनी गल्लीतल्या क्रिकेट टीमला हिरोचं नाव द्यावं तसं. सुरुवातीला ड्रम वाजवता वाजवता कॅम लीच गायचा, चक नंतर गायला लागला. पुढच्याच वर्षी नाव बदलून डेथ झालं.

तेव्हा इंटरनेट नव्हतं, रेडिओवर हे कुणी लावत नव्हतं. मग पोरं कॅसेटवर स्वतःची गाणी भरायची, पोस्टाने दुसऱ्या शहरातल्या पोराला पाठवायची, तो त्याच्या कॉपी काढून आणखी चौघांना पाठवायचा. याला टेप ट्रेडिंग म्हणायचे. फ्लोरिडातल्या या पोरांची गाणी अशी युरोपपर्यंत गेली. तिथला आवाज इतका खरखरीत की गाणं कुठलं आणि कॅसेटचा आवाज कुठला ते कळू नये, पण कॉपी निघत राहिल्या.

चकने शाळा अर्धवट सोडली. पुढे त्याला त्याचा पश्चात्ताप झाला, पण तेव्हा डोक्यात एकच विषय होता. बँड मोडला, कारण बाकीचे दोघे बाहेर पडले. १९८५ मध्ये तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, सॅन फ्रान्सिस्कोला गेला. जमलं नाही, परत आला. १९८६ च्या सुरुवातीला कॅनडात टोरांटोला जाऊन स्लॉटर नावाच्या बँडमध्ये घुसला. दोन आठवड्यांत परत. पुन्हा कॅलिफोर्निया. या वेळी ख्रिस रायफर्ट नावाचा ड्रमर मिळाला, तोही शाळकरी वयाचा. दोघांनी मिळून डेमो केला, कॉम्बॅट रेकॉर्ड्सने करार केला आणि मे १९८७ मध्ये 'स्क्रीम ब्लडी गोर' आला. गिटार, बास, गाणं सगळं चकचं, ड्रम तेवढा रायफर्टचा.

गाणी कशावर, तर झॉम्बी, रक्त, कापाकापी. हॉरर सिनेमे बघून विशीतल्या पोराने लिहावीत तशी. खरं सांगायचं तर चक तिथेच थांबला असता तर हा लेख लिहायची गरज पडली नसती.

पण दुसऱ्याच अल्बमला, १९८८ च्या 'लेप्रसी'ला, विषय सरकायला लागले. त्यातलं एक गाणं दवाखान्यात यंत्राच्या आधारावर जिवंत ठेवलेल्या माणसावर आहे, ज्याला सुटका हवी आहे. तिसऱ्या 'स्पिरिच्युअल हीलिंग'मध्ये, १९९० साली, राक्षस गायबच झाले. त्यांच्या जागी आले हात ठेवून रोग बरे करणारे बाबा, व्यसन, गर्भपाताचा वाद. बँडचा लोगोही हळूहळू बदलत गेला. त्यातला उलटा क्रॉस काढून टाकला, कारण धर्माच्या बाजूने किंवा विरोधात असा शिक्का त्याला नको होता.

बरं, आता भांडणांकडे येऊ.

१९९० मध्ये डेथचा युरोप दौरा ठरला. ऐन वेळी चकने पाय मागे घेतला. दौऱ्याची व्यवस्था नीट नाही आणि अशा अवस्थेत वाजवलं तर चाहत्यांची फसवणूक होईल, असं त्याचं मत. बासिस्ट टेरी बटलर आणि ड्रमर बिल अँड्र्यूज यांचं म्हणणं वेगळं होतं. तारखा ठरल्यात, तिकिटं विकली गेलीत, आता माघार कसली? मग त्यांनी काय करावं? सोबतच्या रोडींपैकी, म्हणजे स्टेजवर सामान लावणाऱ्या पोरांपैकी, एकाला गिटार दिली, एकाला माईक दिला आणि डेथ याच नावाने दौरा करून आले.

चक नसलेला डेथ. म्हणजे वऱ्हाड निघालं आणि नवरदेव घरीच.

आता यात चूक कुणाची? चकच्या चाहत्यांना विचाराल तर ते त्या दोघांना आजही माफ करणार नाहीत. पण जरा त्यांच्या बाजूने बघा. ऐन वेळी दौरा रद्द झाला की भुर्दंड सगळ्यांच्या डोक्यावर येतो आणि चकचा 'माझं समाधान झालं नाही' हा हट्ट त्यांनी वर्षभर सोसलेला. दोन्हीकडे काहीतरी खरं होतं. फरक इतकाच की गाणी ज्याची, त्याच्याशिवाय ते नाव लावून स्टेजवर जायला जिगर नाही, वेगळंच काहीतरी लागतं.

दोघेही बाहेर झाले. मॅनेजर एरिक ग्रीफशीही वाजलं, वकिलांपर्यंत गेलं, पुढे समेटही झाला. आणि चकने ठरवून टाकलं की इथून पुढे कायमचा बँड नाही. अल्बम करायचा झाला की त्या गाण्यांना जी माणसं लागतील ती बोलवायची.

त्याच्या संगीताचा सगळ्यात मोठा टप्पा या फाटाफुटीतूनच आला. १९९१ च्या 'ह्युमन'साठी त्याने सिनिक बँडची दोन तरुण पोरं घेतली, गिटारवर पॉल मासव्हिडाल आणि ड्रमवर शॉन रायनर्ट. दोघांना जाझ येत होतं. बासवर स्टीव्ह डिजॉर्जिओ. चकने लहानपणापासून जे ऐकून ठेवलं होतं त्याला वाजवणारे हात आत्ता मिळाले. ताल वाकडेतिकडे झाले, गिटारला सूर आला आणि रागाची जागा झॉम्बीऐवजी माणसांनी घेतली. या अल्बममधल्या एका गाण्याचा व्हिडिओ एमटीव्हीवर लागला. डेथ नाव असलेला बँड टीव्हीवर, तोही त्या काळात.

१९९३ च्या 'इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स'मध्ये ड्रमवर जीन होगलन आला आणि गिटारवर थेट स्वीडनहून अँडी लारॉक. हा लारॉक गॉथेनबर्गचा. त्याच शहरात त्याच वर्षांत ॲट द गेट्स, इन फ्लेम्स, डार्क ट्रँक्विलिटी ही पोरं डेथ मेटलचं गुरगुरणं आणि आयर्न मेडनसारख्या गुणगुणता येणाऱ्या गिटारच्या सुरावटी एकत्र करत होती. त्यालाच आज मेलोडिक डेथ मेटल म्हणतात. ॲट द गेट्सच्या १९९५ च्या 'स्लॉटर ऑफ द सोल'मध्ये एका गाण्यात पाहुणा गिटारिस्ट म्हणून हाच लारॉक वाजतो. चक त्या चळवळीतला नव्हता, पण अटलांटिकच्या अलीकडे पलीकडे एकाच दिशेने चालणं सुरू होतं. त्याच १९९५ मध्ये चकचा 'सिम्बॉलिक' आला, बालपणाच्या आठवणींनी सुरू होणारा. तुम्ही हे संगीत कधीच ऐकलं नसेल तर सुरुवात इथून करा.

एवढं होऊन चकला काय हवं होतं माहितीये? ग्राऊल बंद करायचं होतं. खणखणीत, स्वच्छ गळ्याचा गायक आणि मागे आपली गिटार. त्यासाठी त्याने कंट्रोल डिनाइड नावाचा दुसरा बँड काढला. पण नव्या रेकॉर्ड कंपनीला आधी डेथ नावाचा अल्बम हवा होता. मग नव्या बँडसाठी जुळवलेली काही गाणी घेऊन १९९८ मध्ये 'द साउंड ऑफ परसिव्हिअरन्स' झाला. त्यात चकचा आवाज इतका वर चढलाय की सुरुवातीचा खर्जातला गायक हाच का, असं वाटावं. पुढच्या वर्षी कंट्रोल डिनाइडचा पहिला अल्बम आला. त्यात गायक टिम आयमर, चक फक्त गिटारवर.

स्टेजच्या बाहेर हा माणूस कसा होता? बागकाम, स्वयंपाक, कुत्री-मांजरं. संगीतात आलो नसतो तर जनावरांचा डॉक्टर किंवा आचारी झालो असतो, असं तो सांगायचा.

१९९९ च्या सुरुवातीला मान दुखायला लागली. नस दबली असेल म्हणून मसाज, ॲक्युपंक्चर झालं. मग एमआरआय काढला आणि १३ मे ला, बत्तिसाव्या वाढदिवशी निदान झालं. मेंदूच्या खालच्या देठात गाठ, कर्करोगाची.

रेडिएशन झालं. जानेवारी २००० मध्ये न्यूयॉर्कला ऑपरेशन झालं, पण अर्धीच गाठ काढता आली. चक घरी आला आणि गिटार घेऊन कंट्रोल डिनाइडच्या दुसऱ्या अल्बमला बसला.

मे २००१ मध्ये आजार उलटला. आणि इथे जी गोष्ट घडली ती आपल्याकडे मेडिक्लेमचा फॉर्म भरलेल्या कुणालाही कळेल. चकचा विमा पहिल्या ऑपरेशननंतर काढलेला होता. कंपनी म्हणाली आजार आधीपासूनचा आहे, पैसे मिळणार नाहीत. एकट्या ऑपरेशनचाच खर्च ७० हजार डॉलरच्या वर. ७ अल्बम, जगभर नाव, आणि घरात तेवढा पैसा नाही.

मग चाहत्यांनी वर्गणी काढली, कार्यक्रम झाले. कॉर्न, किड रॉक, रेड हॉट चिली पेपर्स असल्या बड्या मंडळींनी आपल्या वस्तू लिलावाला दिल्या. आईने चाहत्यांना कळकळीने सांगितलं, पोरांनो, विमा काढून ठेवा.

पैसे जमत होते, शरीर साथ देत नव्हतं. केमोने अशक्तपणा आला, त्यात न्यूमोनिया झाला. १३ डिसेंबर २००१ रोजी दुपारी चक गेला.

२०१२ मध्ये डेथच्या गाण्यांचा दौरा निघाला. मासव्हिडाल, रायनर्ट, डिजॉर्जिओ, होगलन असे ठिकठिकाणी पांगलेले जुने साथीदार एका स्टेजवर आले. जमवाजमव केली ती एरिक ग्रीफने, एकेकाळी चकने ज्याच्याशी कोर्टकचेऱ्या केल्या त्याच मॅनेजरने. कार्यक्रम स्वीट रिलीफ या संस्थेच्या मदतीसाठी होता. ती संस्था दवाखान्याचं बिल न झेपणाऱ्या संगीतकारांना पैसे देते.

कंट्रोल डिनाइडचा दुसरा अल्बम, ज्याचे काही भाग चकने आजारपणात रेकॉर्ड केले होते, तो पूर्ण झालेला नाही. टिम आयमर २०२३ मध्ये गेला.