समजून घ्या : फड गाजवणारे अनंत फंदी तमाशा सोडून कीर्तनाकडे का वळले?

जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले हा ब्रिटिश रॉक बँड नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आला, तेव्हा तिकिटांसाठी ऑनलाइन रांगा लागल्या होत्या. नवी गाणी करायची आणि ती घेऊन गावोगावी निघायचं, हे गणित मात्र फार जुनं आहे. पेशवाईत आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला एक शाहीर माइक आणि तिकीट खिडकीशिवाय हेच करत होता. त्यांचं नाव अनंत फंदी. नाव ऐन भरात असताना त्यांनी हा फड सोडला, आणि त्यामागे ज्यांचं नाव घेतलं जातं त्यांच्याच नावानं आज हा जिल्हा ओळखला जातो.

घोलपांचे 'फंदी' कसे झाले?

जन्म १७४४ चा, संगमनेरचा. प्रवरेकाठचं हे गाव पुणे-नाशिक वाटेवर असल्यानं फडाच्या माणसाला सोयीचं. घराणं यजुर्वेदी ब्राह्मणाचं, आडनाव घोलप. वडील भवानीबाबा, आई राजूबाई. 'फंदी' हे आडनाव नव्हेच. मलिक फंदी नावाच्या एका फकिराशी त्यांची दाट मैत्री होती आणि त्या सहवासातून हे नाव त्यांनाही चिकटलं, असं सांगतात. घोलप मागे पडलं ते कायमचं.

तेव्हाचा 'दौरा' कसा असायचा?

त्या काळच्या तमाशात वगनाट्य नव्हतं. ते एकोणिसाव्या शतकात पुढे आलं. आधी गण, मग गवळण, मग लावण्या आणि रंगात आलं की कलगी-तुरा, म्हणजे दोन फडांमधले सवाल-जवाब. समोरच्यानं गाण्यातून कोडं घालायचं, आपण उभ्या उभ्या गाण्यातूनच ते सोडवायचं. इथं जुना माल चालत नसे. शाहिराकडे सतत नवं कवन लागे, कारण तोच कवी, तोच गायक आणि तोच फडाचा म्होरक्या.

साथीला ढोलकी, डफ, तुणतुणं आणि मागे उंच सूर धरणारे झिलकरी. बाईची भूमिका नाच्या, म्हणजे मुलगाच करी. मोकळ्या पटांगणात शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवण्याची जबाबदारी या झिलकऱ्यांच्या गळ्यावर. तांत्रिक भाषेत सांगायचं तर अॅम्प्लिफायर हाच.

कमाई बिदागीची. पुण्यात पेशवे आणि सरदार, तिकडे माळव्यात होळकर. दरबाराची मर्जी बसली तर फड वर्षभर तरला, नाही तर गावजत्रा होत्याच.

अहिल्याबाईंनी काय सांगितलं?

अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ चा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. म्हणजे त्या फंदींपेक्षा १९ वर्षांनी मोठ्या, आणि आजच्या हिशेबानं एकाच जिल्ह्यातल्या. ब्राह्मणानं तमाशात नाचगाण्याच्या मागे लागू नये, ही वाणी देवाच्या कामी लावावी, असा उपदेश त्यांनी फंदींना केला आणि तो मानून फंदी कीर्तनाकडे वळले, अशी हकिकत परंपरेनं चालत आली आहे.

हा सल्ला कलेपेक्षा जातीला दिलेला दिसतो. त्या काळच्या नामवंत शाहिरांमध्ये होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुस्लिम शिकलगार. त्यांना कोणी फड सोडायला सांगितल्याचं ऐकिवात नाही. कीर्तनाकडे वळलेलं दुसरं ठळक नाव सोलापूरच्या राम जोशींचं, आणि तेही ब्राह्मणच. ज्या मंचावर गवळी, शिंपी, शिकलगार आणि ब्राह्मण एकाच मापानं जोखले जात होते, तिथून दोन मोठे गडी 'सुधारून' बाहेर पडले. कीर्तनाचा फायदा झाला, फडाचं काय झालं हे फारसं कोणी विचारलं नाही.

मग शाहिरी संपली का?

नाही. पोवाडा सुटला नाही, आणि काळही असा होता की शाहिराला गप्प बसणं अवघड. एकटं १७९५ साल घ्या. मार्चमध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. मराठा सरदार एकत्र येऊन जिंकलेली ही शेवटची मोठी लढाई. खर्डा जामखेड तालुक्यातच, म्हणजे युद्ध अगदी घरच्या मुलखात झालं. ऑगस्टमध्ये अहिल्याबाई गेल्या. ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून दगावले, वय अवघं २१.

फंदींनी खर्ड्याच्या लढाईवर पोवाडा रचला. वर्तमानपत्र नसलेल्या मुलखात लढाईची बातमी गावात पोचायची ती अशीच, डफावर. नाना फडणीस आणि यशवंतराव होळकर हेही त्यांच्या पोवाड्यांचे विषय झाले. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या सांगण्यावरून त्यांनी सवाई माधवरावांवर 'माधवग्रंथ' हे ओवीबद्ध काव्य लिहिलं. खरं सांगायचं तर दरबारी सांगण्यावरून रचलेल्या या ग्रंथापेक्षा त्यांचे फटकेच लोकांच्या तोंडी राहिले.

फटका म्हणजे नेमकं काय?

लावणीच्या ठेक्यावर सांगितलेला रोखठोक उपदेश. संताची समजूत नाही, शास्त्र्याचं प्रवचन नाही. पारावरच्या म्हाताऱ्यानं कान उपटावा तशी भाषा. या प्रकाराचं जनकत्व फंदींकडेच दिलं जातं. संसारात कसं वागावं आणि कसं वागू नये हे सांगणारा त्यांचा एक फटका शालेय पुस्तकांतून अनेक पिढ्यांच्या पाठांतरात गेला. गंमत अशी की उपदेश कीर्तनकाराचा, पण त्याची चाल आणि झणका फडावरचा. तमाशा सुटला, ठेका सुटला नाही.

शेवट आणि नंतर

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. बिदागी देणारे मोठे हात गेले. पुढच्याच वर्षी, १८१९ मध्ये, फंदींचं निधन झालं. त्या पिढीचं गाणं पुढे जिवंत राहिलं ते बहुतेक ऐकून पाठ करणाऱ्यांमुळे. हॅरी अॅकवर्थ हा इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी जुने पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापले, त्यातले कितीतरी गोंधळ्यांच्या तोंडून उतरवून घेतलेले होते. शब्द कागदावर आले. चालींची नोंद मात्र त्यासोबत आली नाही, त्यामुळे फंदींचा फड नेमका कसा वाजत होता, हे आज ऐकण्याची सोय नाही.

संगमनेरात नगरपालिकेचं नाट्यगृह आहे, कवी अनंत फंदींच्या नावाचं. वर छप्पर नसलेलं, खुलं.