पंडिता रमाबाई : वाट हरवलेल्या दिवसांची गोष्ट

नोव्हेंबर लागला की इथं इंग्लंडमध्ये दुपारी साडेचारलाच अंधार पडतो. दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा माझ्यासाठी जरा जास्तच अंधाराचा होता. नगरला आई गेली आणि मी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलेलं होतं. परत आल्यावर कामावर जायचे, स्वयंपाक करायचे, रविवारी चर्चला जायचे, पण कशातच मन नव्हतं. आमचं घर ख्रिस्ती, लहानपणापासून प्रार्थनेची सवय. तरी डोळे मिटले की शब्दच सुचायचे नाहीत. देवानं आपल्याला इथं आणून सोडलं आणि पुढे काय ते सांगायला विसरला, असं वाटायचं.

त्याच हिवाळ्यात एका शनिवारी बस पकडून वाँटेजला गेले. ऑक्सफर्डशायरमधलं हे लहानसं गाव. चौकात राजा आल्फ्रेडचा पुतळा, भोवती बाजार, जुन्या विटांची घरं. 1883 मध्ये आपली एक मराठी बाई, कडेवर दोन वर्षांची मुलगी घेऊन, या गावात राहायला आली होती. आजीच्या घरी भिंतीवर त्यांचा फोटो असायचा, पांढरं पातळ आणि शांत चेहरा. लहानपणी वाटायचं, या बाईंना आयुष्यात कधी काही शंका आलीच नसेल. मोठेपणी त्यांचं चरित्र नीट वाचलं तेव्हा कळलं, पंडिता रमाबाईंइतकी वाट हरवलेली माणसं कमीच असतील.

त्यांचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेले. त्याच आईनं, लक्ष्मीबाईंनी, पुढे रमेला शिकवलं. रमा सहा महिन्यांची असतानाच कुटुंबाला घर सोडावं लागलं. वेताच्या पेटाऱ्यात घालून एका माणसानं तिला डोक्यावरून डोंगराखाली आणलं. तेव्हापासून त्यांची जी पायपीट सुरू झाली ती कित्येक वर्षं थांबली नाही. तीर्थक्षेत्रं फिरायची, देवळात पुराण सांगायचं, लोक देतील त्यावर गुजराण करायची.

मग दुष्काळ आला. आधी दागिने गेले, मग चांदीची भांडी, मग तांब्या-पितळेची. शेवटी रानातला पाला खायची पाळी आली. 1874 मध्ये वडील गेले. थोड्याच दिवसांत आईनं अंथरूण धरलं. आईसाठी बाजरीच्या भाकरीचा एक तुकडा मागायला सोळा वर्षांची रमा शेजारच्या घरी गेली, पण मागायला तोंडच उघडेना. त्या बाईंनीच चेहऱ्यावरून ओळखलं आणि भाकरी दिली. रमा धावत आली, पण आईच्या अंगात ती खाण्याचंही त्राण उरलं नव्हतं. आई गेल्यावर खांदा द्यायला माणसं मिळेनात. शेवटी दोघेजण आले, भाऊ श्रीनिवास होताच, आणि उंची कमी म्हणून रमेनं आपला भार डोक्यावर घेतला. तशीच ती मसणवटीपर्यंत चालत गेली.

मग थोरली बहीणही गेली. उरले दोघं भाऊ-बहीण. दक्षिणेतून उत्तरेत, तिथून पूर्वेला, असे चार हजार मैलांहून जास्त ते पायी चालले. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा वाळूत खड्डे खणून त्यात गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेऊन त्यांनी रात्री काढल्या. सगळी व्रतं, उपास, यात्रा मनापासून केल्या होत्या, आणि आकाश मात्र गप्प होतं. जुन्या श्रद्धेवरून त्यांचं मन तिथंच हळूहळू उतरलं. पण तिच्या जागी दुसरं काही आलेलं नव्हतं. आतून रिकामं, बाहेर ऊन-पाऊस, आणि चालणं सुरूच.

1878 मध्ये दोघं कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीचं संस्कृत ऐकून तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. आता दिवस पालटले असं वाटावं, तर 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी, त्यामुळे दोन्हीकडचे लोक नाराज. आसामात सिलचरला संसार मांडला, मनोरमा जन्मली. तिथंच घरातल्या पुस्तकांत त्यांना बंगाली भाषेतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं आणि त्या ते वाचू लागल्या. पण फेब्रुवारी 1882 मध्ये कॉलऱ्यानं नवराही गेला. वय तेवीस, पदरात दहा महिन्यांचं मूल, माहेरचं कुणीच नाही.

आपण असतो तर तिथंच बसलो असतो. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीच्या पैशांतून 1883 मध्ये इंग्लंडचं तिकीट काढलं. डॉक्टर व्हायचं मनात होतं. वाँटेजच्या सेंट मेरी मठातल्या भगिनींनी त्यांना ठेवून घेतलं.

इथं आल्यावर काय झालं? कानाला कमी ऐकू येतं म्हणून डॉक्टरकीचा दरवाजा बंद झाला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीनं याच परक्या गावात आपलं आयुष्य संपवलं. परदेशात पहिल्या वर्षी एकटं पडणं म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. रमाबाईंचं एकटेपण तर त्याहून कितीतरी मोठं होतं.

त्याच सुमारास भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं एक घर दाखवलं. समाजानं वाईट ठरवून टाकून दिलेल्या बायकांना तिथं मायेनं सांभाळत होते. रमाबाईंनी असं कधी पाहिलं नव्हतं. हे का करता, असं विचारल्यावर एका भगिनीनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. भर दुपारी एकटीच विहिरीवर आलेली, गावानं ओवाळून टाकलेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा, तिच्याशी बरोबरीनं बोलणारा ख्रिस्त. हा देव हरवलेल्यांना शिक्षा करत नाही, त्यांच्या वाटेवर येऊन बसतो, हे रमाबाईंच्या मनात तिथं रुजलं. 29 सप्टेंबर 1883 ला वाँटेजमध्ये त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

खरं सांगायचं तर आमच्याकडे ही गोष्ट बहुतेक वेळा इथंच संपवतात. सापडला एकदाचा मार्ग, टाळ्या! पण रमाबाईंचं तसं झालं नाही. मठातल्या भगिनींशी त्यांचे वाद झाले, कारण वडीलधारे सांगतात म्हणून काहीही मान्य करायला त्या तयार नव्हत्या. इकडे महाराष्ट्रात धर्म बदलला म्हणून जवळचे दुरावले. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या, अमेरिकाभर फिरून व्याख्यानं दिली, विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला आणि 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू केलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आता यांना काय कमी! पण आत समाधान नव्हतंच. पुढे त्यांनी स्वतःच प्रांजळपणे लिहिलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळालेला नव्हता. पुष्कळ वाचन आणि झगडा झाल्यावर 1891 च्या सुमारास त्यांना जाणवलं की आपण अजून लायक होण्याचीच धडपड करतोय. आधी व्रतं केली, आता सत्कर्मं. जशी आहे तशी त्याच्याजवळ जायचं, एवढंच बाकी होतं. बाप्तिस्म्यानंतर त्याला आठ वर्षं लागली.

ही आठ वर्षं मला फार धीर देतात. श्रद्धा असूनही माणूस हरवलेला असू शकतो आणि त्यात पाप नाही, हे त्या आठ वर्षांवरून कळतं.

त्यानंतरही वाट सोपी नव्हती. सदन पुण्याला आलं आणि तिथल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतोय यावरून 1893 मध्ये वादळ उठलं. रानडे, भांडारकरांसारखे पाठीराखे बाजूला झाले, काही पालकांनी मुली काढून नेल्या. दुखावलेल्या लोकांची बाजूही अगदीच खोटी म्हणता येणार नाही. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असं समजूनच त्यांनी मुली पाठवल्या होत्या.

मग 1896 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसं रस्त्यावर मरू लागल्याच्या बातम्या आल्या आणि रमाबाईंना आपलं सोळावं वर्ष आठवलं. तो पाला, ती भाकरी, ते डोक्यावरचं ओझं. त्या उठल्या आणि तिकडे गेल्या. पोरक्या, उपाशी मुलींना घेऊन आल्या, एकदा नव्हे, पुनःपुन्हा. पुण्यापासून दौंडच्या वाटेवर केडगावला त्यांनी जमीन घेऊन ठेवली होती. तिथं आधी तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या, मग इमारती. तेच मुक्ती सदन. मुलींची संख्या शेकड्यांवरून दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना, सगळं मुलीच चालवत. फुलहॅमला पाहिलं होतं तसंच घर, कृपा सदन, तिथं उभं राहिलं. आंधळ्या मुलींना मनोरमा शिकवू लागली.

लहानपणचा तो दुष्काळ देवानं मुद्दाम पाठवला, असं मी म्हणणार नाही. आई-वडिलांच्या मरणाला असा हिशेब लावता येत नाही. पण उपासमारीतल्या मुलीला भाकरी मागायला तोंड का उघडता येत नाही, हे रमाबाईंना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ज्या दिवसांना काहीच अर्थ नव्हता, ते दिवस बावीस वर्षांनी दुसऱ्यांच्या उपयोगी पडले.

शेवटची काही वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्यासाठी दिली, खेड्यातल्या बाईलाही कळावं म्हणून. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. ती चाळीस वर्षांची होती. उभ्या आयुष्यात राहिलेलं एकच रक्ताचं माणूस. रमाबाईंनी भाषांतराचं काम सोडलं नाही. ते पुरं करून 5 एप्रिल 1922 ला त्यांनी केडगावातच डोळे मिटले. मुक्ती मिशनचं काम आजही तिथं चालू आहे. सुट्टीत पुण्याला गेलात तर जाऊन बघा.

त्या शनिवारी वाँटेजहून परतले तेव्हा माझ्यात काही एकदम बदललं नव्हतं. प्रार्थनेला अजूनही शब्द सापडत नव्हते. पण न बोलता बसायची भीती गेली होती. गेल्या वर्षी आमच्या चर्चमध्ये सोलापूरची एक नर्स आली, नुकतीच इथं नोकरीला लागलेली. महिन्याभरातच तिचे वडील गेले आणि तिला जाता आलं नाही. तिचं सांत्वन करायला मला काही सुचेना. बाजरीचं पीठ आणलं, चार भाकऱ्या थापल्या आणि तिच्या खोलीवर घेऊन गेले. तिनं मागितल्या नव्हत्या. दार उघडून तिनं डब्याकडे पाहिलं, आणि मग आम्ही दोघी कितीतरी वेळ काही न बोलता जेवत बसलो.