हिप्पींच्या आधीचा आमचा हिप्पी

१९७१ साली ‘हरे रामा हरे कृष्णा’ आला आणि आमच्या चांदा-वरोऱ्याकडच्या पोरांनाही केस वाढवण्याचे वेड लागले. घरोघरी न्हाव्याला बोलावण्याच्या धमक्या सुरू झाल्या. गोव्याच्या किनाऱ्यावर गोरी पोरे घरदार सोडून राहतात, याच्या सुरस कथा रंगू लागल्या. पण सुखवस्तू घर सोडून जटा वाढवणारा माणूस आपल्याच वरोऱ्याने पंचवीस वर्षांपूर्वी पाहिला होता, हे आम्हा पोरांच्या गावीही नव्हते!

हा माणूस म्हणजे मुरलीधर देवीदास आमटे. ‘बाबा’ हे साधुत्वाचे बिरुद नव्हे, आईवडिलांनी लाडाने ठेवलेले नाव. जन्म २६ डिसेंबर १९१४, हिंगणघाटचा. घरची जमीनदारी. चौदाव्या वर्षी हाती बंदूक आली, पुढे मोटार आली आणि तिच्या बैठकांवर बिबट्याचे कातडे चढले. इंग्रजी सिनेमांची परीक्षणे लिहिता लिहिता ग्रेटा गार्बो आणि नॉर्मा शिअरर या नट्यांशी त्यांचा पत्रव्यवहारही जुळला.

वकिली चांगली चालत असताना गाडी एकदम दुसऱ्या रुळावर गेली. १९४२ च्या आंदोलनात ते तुरुंगात गेले. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचे दुःख कळावे म्हणून नऊ महिने त्यांनी डोक्यावरून मैला वाहिला. जटा आणि दाढी वाढली, ब्रह्मचर्याचा निश्चयही झाला.

तो निश्चय नागपूरच्या एका लग्नघरात मोडला. लग्नाची धामधूम सोडून एक मुलगी म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुवायला मदत करत होती. ती इंदू घुले. शास्त्र्यांच्या कर्मठ घरात या जटाधारी वकिलाने मागणी घातली, तेव्हा काय गहजब झाला असेल! तरी डिसेंबर १९४६ मध्ये लग्न झाले आणि इंदूच्या साधनाताई झाल्या. दोघांनी वरोऱ्यात श्रमाश्रम काढला. तिथे सगळ्या जातीधर्मांची एकच चूल. हिप्पींच्या वसाहती निघाल्या त्या यानंतर वीस वर्षांनी.

हिप्पी जगापासून पळाले, असे म्हणतात. बाबाही एकदा पळाले होते. पावसात गटाराकाठी कुष्ठरोगाने झडलेला तुळशीराम त्यांना दिसला आणि आपण कशालाच भीत नाही, हा अभिमान क्षणात गळून पडला. घरी आले, पण चैन पडेना. परत गेले, त्याला निवारा दिला आणि शेवटपर्यंत त्याची सेवा केली. पुढे कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले. तिथे प्रयोगासाठी स्वतःच्या अंगात रोगजंतू टोचून घेतले.

१९५१ मध्ये आनंदवन सुरू झाले. भांडवल काय, तर खडकाळ जमीन, सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये. बँकेतल्या माझ्या खुर्चीवरून सांगतो, असा कर्जाचा अर्ज आला असता तर मी तो हसत परत पाठवला असता!

अर्थात हसण्यात मी एकटा नसतो. आनंदवनाचा भाजीपाला पिकू लागला, पण वरोऱ्यात त्याला गिऱ्हाईक मिळेना. १९५४ च्या सुमारास देशोदेशींचे तरुण स्वयंसेवक तिथे आले. रुग्णांबरोबर दवाखान्याच्या भिंती बांधू लागले, तिथलेच जेवू लागले. साहेबांना चालते, ते आपल्याला का चालू नये? गावाची भीड चेपली आणि भाजी खपू लागली. जे उपदेशाने झाले नाही, ते गोऱ्या पाहुण्यांच्या जेवणाने झाले.

१९६७ साली अमेरिकेतली पोरे केसांत फुले माळून सॅन फ्रान्सिस्कोत जमली. त्याच सुमारास मूलजवळच्या सोमनाथच्या जंगलात बाबांचा नवा प्रकल्प उभा राहत होता. तिथल्या श्रमसंस्कार छावणीत पुढे गावोगावची मुले भर उन्हाळ्यात कुदळ चालवायला येऊ लागली. १९७३ मध्ये भामरागडच्या अरण्यात हेमलकसा सुरू झाले. तिथे माडियांच्या अंगावर पुरेसे वस्त्र नाही, म्हणून धाकटे चिरंजीव डॉ. प्रकाश बनियन आणि अर्ध्या चड्डीवर वावरू लागले. घराण्याचा वारसा, दुसरे काय!

९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबा आनंदवनात गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन न करता तो तिथल्याच मातीत पुरण्यात आला. ज्या मातीतली भाजी घ्यायला गाव एके काळी भीत होते, तीच ही माती.