छायालेखक सावेदादा भाटवडेकर

भारतीय चित्रपटाचा इतिहास सांगावयास कोठून आरंभ करावा, असा प्रश्न निघाला की दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे नाव आपसूक ओठांवर येते. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात तो प्रदर्शित झाला आणि या देशात कथापटाचे युग सुरू झाले. परंतु त्यापूर्वी सुमारे चौदा वर्षे, त्याच मुंबईत, एका मराठी छायाचित्रकाराने हलत्या चित्रांचा कॅमेरा हाती घेतला होता. त्याने पुराणकथेकडे वा राजदरबाराकडे न वळता प्रथम आपल्या शहरातील एक कुस्ती टिपली आणि नंतर एका माकडवाल्याचा खेळ टिपला. त्या गृहस्थांचे नाव हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. मुंबई त्यांना सावेदादा या नावाने ओळखत असे.

आपल्या ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात मुंबईच्या एका छायालेखकाचे चरित्र कशासाठी, असे वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सावेदादांच्या जीवनकथेतच दडलेले आहे. म्हणून आधी ती कथा पाहू.

सावेदादांचा जन्म १८६८ सालचा. ते वयात आले तेव्हा छायाचित्रणकला मुंबईस नवी राहिलेली नव्हती. १८५४ साली तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होते. या दोघांनी वैद्यकी सांभाळून हौसेने ही विद्या आत्मसात केली. नारायण दाजींनी तर शहरातील सामान्य माणसांची चित्रे घेतली. हौशी छायाचित्रकारांची ही परंपरा मुंबईत रुजल्यानंतरच्या पिढीत सावेदादा झाले. स्थिर छायाचित्रण हा त्यांचा व्यवसाय होता. प्रकाशाची पारख, भिंगाची जाण आणि समोरच्या दृश्यातून नेमके काय घ्यावे याचा विवेक हे त्यांचे भांडवल होते.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते १८९६ साली. लुमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये हलत्या चित्रांचा पहिला जाहीर खेळ केला, त्याला अवघे सहा-सात महिने झाले होते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांच्या प्रतिनिधीने सहा लघुचित्रे दाखविली. तिकीट एक रुपया होते. त्या चित्रांत होते तरी काय? स्थानकात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, समुद्रस्नान, भिंत पाडण्याचे काम! एकेक चित्र मिनिटभराचेही नव्हते. पुढे हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात झाले आणि चार आण्यांच्या तिकिटामुळे सामान्य प्रेक्षकांनाही त्यांचा लाभ घेता आला. त्याच वर्षाच्या पावसाळ्याअखेरीस मुंबईत प्लेग उद्भवला आणि शहराची दैना उडाली. परंतु त्या चित्रांनी सावेदादांच्या मनात पेरलेले बीज मात्र जळाले नाही. आगगाडी आणि कामगार पडद्यावर पाहून लोक थक्क होतात, तर आपल्या गावचे जीवन तेथे का दिसू नये, असा विचार त्या काळी एखाद्या छायाचित्रकारासच सुचावा.

सावेदादांनी इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथील रायली ब्रदर्स या पेढीकडून कॅमेरा मागविला. त्याची किंमत एकवीस गिनी, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे तीनशे तीस रुपये होती. या चित्रांना तेव्हा येथे बाजार नव्हता आणि ती काढण्याचा कोणी धंदाही करीत नव्हते. स्थिरचित्रांच्या क्षेत्रातील हा व्यावसायिक चलच्चित्रांच्या बाबतीत हौशीच होता.

नोव्हेंबर १८९९ मध्ये मलबार टेकडीवरील हँगिंग गार्डन येथे पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांची कुस्ती त्यांनी चित्रित केली. या निवडीमागे रसिकता होती, तशी व्यवहारदृष्टीही होती. त्या काळचा कॅमेरा तिवईवर एका जागी खिळलेला असे. हाताने दांडा फिरवावा तेव्हा फीत पुढे सरके. आणि भरपूर ऊन असल्याखेरीज चित्र उमटत नसे. अशा यंत्रापुढे काय ठेवावे? जे उघड्यावर घडते, ठरावीक रिंगणाबाहेर जात नाही आणि ज्याचा सारा प्राण हालचालीत आहे, असे काही. कुस्ती या तिन्ही कसोट्यांस उतरते. दुसऱ्या चित्रातला माकडांचा खेळही तसाच. नवीन विद्येच्या मर्यादा ओळखून त्यांत आपल्या मातीतला विषय चपखल बसविणे, हे त्यांच्या कौशल्याचे मर्म होय.

चित्रित केलेली फीत धुण्याची सोय येथे नव्हती. ती बोटीने इंग्लंडला पाठवावी लागे आणि ती परत येईपर्यंत आपण काय टिपले आहे हे खुद्द छायालेखकासही कळत नसे. दरम्यान सावेदादांनी प्रक्षेपकयंत्र मिळविले आणि परदेशी चित्रांचे खेळ उघड्या जागेत ते करू लागले. त्याच पडद्यावर पुढे मुंबईच्या मल्लांचे दर्शन घडले. आपल्यासारखीच माणसे, आपल्याच शहरातील जागा पडद्यावर पाहताना प्रेक्षकांना काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

यानंतरचे त्यांचे सर्वांत महत्त्वाचे चित्र १९०१ सालचे आहे. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिज विद्यापीठात सीनियर रँग्लर झाले होते. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. डिसेंबर १९०१ मध्ये ते स्वदेशी परतले तेव्हा मुंबईत त्यांचे उत्साहाने स्वागत झाले आणि ते दृश्य सावेदादांनी टिपले. भारतातील पहिला वार्तापट म्हणून अभ्यासक या चित्राचा निर्देश करतात. येथे छायालेखकाची खरी परीक्षा होती. कुस्ती हवी तेव्हा, हव्या त्या जागी लावता येते. स्वागताची गर्दी कोणाच्या आज्ञेत नसते आणि तो क्षण पुन्हा येत नाही. गणितातील यशासाठी एका शिक्षकाचे नगराने केलेले कौतुक हा चित्राचा विषय होऊ शकतो, हे सावेदादांनी ओळखले. पुढे १९०३ साली लॉर्ड कर्झन यांनी दिल्लीस भरविलेला दरबारही त्यांनी चित्रित केला. त्यानंतर काही वर्षांतच त्यांनी चित्रणातून अंग काढून घेतले आणि मुंबईच्या गेईटी नाट्यगृहाची व्यवस्था पाहिली.

सावेदादांना दीर्घायुष्य लाभले. फाळके यांचा उदय आणि अस्त त्यांच्या हयातीत झाला. १९३१ साली ‘आलम आरा’ने चित्रपटास वाचा दिली, १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला आणि १९५३ सालच्या ‘श्यामची आई’ला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. मिनिटभराच्या कुस्तीपासून इथवरचा सारा प्रवास घडून गेल्यावर १९५८ साली, नव्वदीच्या घरात, या आद्य छायालेखकाने जगाचा निरोप घेतला.

आणि त्यांची चित्रे? त्यांतील एकही आज उपलब्ध नाही. त्या काळची फीत नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेई आणि नीट न राखल्यास आपोआप कुजून तिची भुकटी होई. शिवाय फितीत चांदीचा अंश असल्याने जुनी झालेली चित्रे चांदी काढण्यासाठी विकली जात. सावेदादांचे कलकत्त्याचे समकालीन हीरालाल सेन यांचा संग्रह १९१७ साली आगीत भस्मसात झाला. खुद्द ‘राजा हरिश्चंद्र’ही आज पूर्ण स्वरूपात उरलेला नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, म्हणजे सावेदादा गेल्यानंतर सहा वर्षांनी. जतन करण्याची बुद्धी आपल्याला सुचली, तेव्हा जतन करण्याजोगे पुष्कळसे हातचे गेले होते.

तरीही हे चरित्र लिहिता आले, ते कशाच्या बळावर? कोणी तरी कागदावर नोंद करून ठेवली होती म्हणून. चित्र नाहीसे झाले, परंतु त्या दोन मल्लांची नावे राहिली, जागा राहिली, साल राहिले. पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची नावे शतकाहून अधिक काळ टिकून आहेत, ती फितीच्या नव्हे तर शाईच्या आधाराने. ग्रंथालयाच्या अस्तित्वाचे याहून चोख समर्थन मला तरी ठाऊक नाही.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. आपला हा पांढुर्णा-सौंसरचा पट्टा मध्य प्रदेशात असूनही मराठी बोलत, मराठी वाचत आला आहे. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये होणाऱ्या गोटमारीमुळे बाहेरचे जग आपल्याला ओळखते आणि त्या एका दिवशी कॅमेरेही येतात. परंतु वर्षाचे उरलेले दिवस आपलेच असतात. संत्र्याच्या मोसमात पेट्या भरणारे हात, आठवडी बाजार, पोळ्याला सजविलेले बैल, गावोगावच्या आखाड्यांतील जोडी, २०१५ साली थांबलेली आणि सौंसरवरून छिंदवाड्याला जाणारी ती लहान गाडी! यांची चित्रे कोणी हौशी माणसाने कधी घेतली असतील, तर ती आज कोणाच्या तरी घरी ट्रंकेत, जुन्या अल्बमात, बुरशी धरीत पडलेली असणार.

ग्रंथालयाच्या सभासदांस व आश्रयदात्यांस या निमित्ताने एक विनंती करावीशी वाटते. अशी छायाचित्रे घरात असतील तर त्यांच्या पाठीवर पेन्सिलीने, हलक्या हाताने, तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: चित्रात कोण आहे, ते कोठे घेतले आणि केव्हा घेतले. घरातील वडीलधारी मंडळी सांगू शकतात तोवरच हे साधेल. नंतर त्यांची एक प्रत ग्रंथालयाकडे द्यावी. वृत्तपत्रांच्या संचांशेजारी आणि पोथ्यांच्या कपाटाशेजारी त्यांनाही जागा असावी. सावेदादांनी ज्या आस्थेने आपल्या शहराकडे पाहिले, त्या आस्थेने आपण आपल्या गावाकडे पाहिले, तर या शताब्दीचे चीज होईल आणि द्विशताब्दीचा ग्रंथ काढणाऱ्यांस आपली नावे शोधीत फिरावे लागणार नाही.