बहिणाबाई चौधरी

बहिणाबाई नथुजी चौधरी (जन्म : असोदे, जळगाव जिल्हा, १८८०, मृत्यू : जळगाव, ३ डिसेंबर १९५१) या मराठी कवयित्री होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना आणि जात्यावर दळताना त्यांनी ओव्या व गाणी रचली. पूर्व खानदेशातील लेवा गणबोलीला मराठी साहित्यात स्थान मिळवून देणाऱ्या कवयित्री म्हणून त्या ओळखल्या जातात. सतराव्या शतकातील, संत तुकारामांच्या शिष्या असलेल्या संत बहिणाबाई या वेगळ्या होत.

बालपण आणि संसार

बहिणाबाईंचा जन्म जळगावजवळील असोदे या गावी महाजन घराण्यात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव उखाजी आणि आईचे भिमाई. त्यांना तीन भाऊ व तीन बहिणी होत्या. वयाच्या तेराव्या वर्षी जळगाव येथील नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. माहेर व सासर दोन्ही लेवा पाटीदार समाजातील शेतकरी घराणी होती आणि दोन्हींकडे एकच बोली बोलली जाई. त्यामुळे लग्नानंतरही त्यांची भाषा बदलली नाही. वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांना वैधव्य आले. ओंकार, सोपानदेव आणि काशी या मुलांना त्यांनी शेतीच्या आधारावर वाढवले.

काव्यरचना आणि लेखन

बहिणाबाईंची गाणी कामाच्या ओघात जुळत. शेती, पेरणी, जाते, माहेर, पक्षी, माणसाचे मन आणि संसार हे त्यांचे विषय होते. त्यांना स्वतः लिहिता येत नसल्याने गाणे टिकणे हे ऐकणाऱ्यावर अवलंबून होते. त्यांचे पुत्र सोपानदेव (१९०७–१९८२), जे स्वतःही कवी होते, आणि नात्यातील पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी ही गाणी उतरवून घेतली. ज्या वेळी टिपणारे कोणी जवळ नव्हते, त्या वेळची गाणी नष्ट झाली.

बहिणाबाईंच्या हयातीत त्यांचा संग्रह निघाला नाही. सोपानदेवांनी गाण्यांची वही प्र. के. अत्रे यांना दाखवली. अत्रे यांनी त्यांचे मोल ओळखून प्रकाशनाचा आग्रह धरला. ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह अत्रे यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली, म्हणजे कवयित्रीच्या निधनानंतरच्या वर्षी, प्रसिद्ध झाला.

बोलीची वैशिष्ट्ये

गाणी लिहून घेताना आणि छापताना त्यांना प्रमाण मराठीचे रूप दिले गेले नाही. त्यामुळे हा संग्रह काव्याबरोबरच बोलीच्या अभ्यासाचेही साधन ठरला. त्यातील ठळक विशेष पुढीलप्रमाणे आहेत :

• प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. ‘डोळे’चे ‘डोये’ आणि ‘ओढाळ’चे ‘वढाय’ होते. ‘वढाय’ या शब्दात आरंभीच्या ‘ओ’चा ‘व’ झालेलाही दिसतो.

• ‘ण’चा उच्चार बहुधा ‘न’ असा होतो. जसे ‘म्हणू’ऐवजी ‘म्हनू’.

• ‘त्याला’, ‘मला’ यांऐवजी ‘त्याले’, ‘मले’ अशी रूपे येतात.

• ‘मध्ये’साठी ‘मधी’, ‘नाही’साठी ‘नही’ आणि ‘विहीर’साठी ‘येहेर’ असे शब्द वापरले जातात. जात्यासाठी ‘घरोट’ हा खास त्या भागातला शब्द येतो.

बहिणाबाईंच्या भाषेला पुष्कळदा अहिराणी म्हटले जाते. ते बरोबर नाही. ‘ले’ हा प्रत्यय अहिराणी, लेवा गणबोली व वऱ्हाडी या तिन्हींत आढळतो, म्हणून केवळ त्यावरून बोली ठरवता येत नाही. अहिराणीत षष्ठीचा प्रत्यय ‘ना-नी’ असा असतो आणि ‘माझा’ऐवजी ‘मना’ म्हटले जाते. बहिणाबाईंच्या गाण्यांत मात्र मराठीप्रमाणे ‘चा-ची’ हेच प्रत्यय आहेत. ‘ळ’चा ‘य’ होणे हा विशेष शेजारच्या वऱ्हाडीतही आहे. म्हणजे ही बोली खानदेशच्या पूर्व भागातील असून तिचे नाते वऱ्हाडीशी जवळचे आहे.

जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात मराठीचा खंड १९०५ साली निघाला. खानदेशीची नोंद मात्र १९०७ सालच्या वेगळ्या खंडात भिल्ली भाषांबरोबर झाली. ‘खानदेशी’ या एका नावाखाली वेगवेगळ्या बोली एकत्र धरल्या की पूर्वेकडील बोली झाकली जाते. बहिणाबाईंच्या गाण्यांमुळे ती बोली मराठी वाचकांसमोर स्वतंत्रपणे आली.

प्रभाव आणि स्मृती

बहिणाबाईंची गाणी १९६१ सालच्या ‘मानिनी’ या मराठी चित्रपटातून महाराष्ट्रभर पोहोचली. पुढे शालेय पाठ्यपुस्तकांतून ती अनेक पिढ्यांच्या परिचयाची झाली. ज्यांनी ही बोली कधी ऐकली नव्हती अशा विद्यार्थ्यांना तिची पहिली ओळख या कवितांतून होते. जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले.

पुणे जिल्ह्यात पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने चिंचवड येथील प्राणिसंग्रहालयाला त्यांचे नाव दिले आहे. पिंपरी, भोसरी, चाकण या औद्योगिक पट्ट्यात कामानिमित्त आलेल्यांमध्ये खानदेश व विदर्भातील कुटुंबेही आहेत. घरात एक बोली आणि कारखान्यात, शाळेत प्रमाण मराठी अशी दुहेरी भाषा तेथे वापरली जाते. अशा ठिकाणी ‘य’ आणि ‘ले’ असलेली बोली अशुद्ध समजली जाण्याची शक्यता अधिक असते. ही रूपे चुका नसून बोलीचे नियम आहेत, हे बहिणाबाईंच्या गाण्यांवरून स्पष्ट होते. कारण एकाच व्यक्तीच्या रचनेत ती पुन्हा पुन्हा त्याच पद्धतीने येतात.