अरण्याचा कारभारी

हिंदुस्थानातील सरकारी वनखात्याची घडी ज्या पुरुषाने बसविली, तो इंग्रज नव्हता आणि वनविद्येचे रीतसर शिक्षणही त्याने घेतलेले नव्हते. डीट्रिश ब्रँडिस हे मूळचे जर्मन. १८२४ साली बॉन येथे त्यांचा जन्म झाला आणि तेथेच ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. अशा गृहस्थाच्या हाती या खंडप्राय देशातील अरण्ये कशी गेली आणि त्यांनी त्यांचे काय केले, हे आज आठवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१८५२ च्या युद्धानंतर ब्रह्मदेशातील पेगू प्रांत इंग्रजांच्या ताब्यात आला. तेथील सागवानावर जहाजबांधणीची भिस्त होती, पण तोड बेसुमार चालली होती. लॉर्ड डलहौसी यांनी १८५६ साली ब्रँडिस यांची तेथे नेमणूक केली. हत्तीवर बसून त्यांनी रान पालथे घातले. घेराप्रमाणे सागाचे चार वर्ग पाडून, दिसेल त्या झाडाची खूण ते हातातील बांबूच्या कांबीवर चाकूने खाच पाडून करीत. जितकी झाडे वाढून तोडण्याजोगी होतील तितकीच दर वर्षी तोडावीत, हा त्यांचा हिशेब. लाकडाच्या व्यापाऱ्यांना तो मानवला नाही. परंतु डोंगरातील करेण लोक रान जाळून शेती करीत, त्यांना शत्रू न मानता पिकाबरोबरच साग लावण्याचे काम ब्रँडिस यांनी त्यांच्याकडे सोपविले. सरकारी सागाच्या लागवडीत या अनाम श्रमिकांचा वाटा मोठा आहे.

१८६४ साली ते हिंदुस्थान सरकारचे पहिले वन महानिरीक्षक झाले. लोहमार्गाचे जाळे पसरत होते आणि स्लीपरांसाठी साल, साग, देवदार धडाधड कोसळत होते. १८६५ चा पहिला वनकायदा अपुरा ठरला. नव्या कायद्याच्या वेळी खरा वाद माजला. पडीक जमीन व रान सर्वस्वी सरकारचे, रयतेची वहिवाट म्हणजे केवळ सवलत, असा बेडन-पॉवेल यांचा पक्ष होता. उलट मद्रास सरकार गावांच्या हक्कांची बाजू घेत होते. ब्रँडिस यांनी मधला मार्ग धरला. मोक्याची अरण्ये सरकारने राखावीत आणि बाकीची ग्रामवने म्हणून गावांच्या हवाली करावीत, असे त्यांचे मत होते. १८७८ च्या कायद्यात ग्रामवनांचे प्रकरण आले खरे, पण ते बहुतांशी कागदावरच राहिले. राखीव रानांच्या सीमा मात्र पुढे सरकत गेल्या. त्याच वर्षी डेहराडून येथे वनविद्येची शाळा निघाली. खात्याला माणसे मिळाली, गावाला रान मिळाले नाही.

१८८३ साली ब्रँडिस निवृत्त झाले. नेमक्या त्याच वर्षी जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. डोंगर, दऱ्या आणि गायराने वनखात्याने गिळल्यामुळे कुणब्याच्या जनावरांना चरण्यास जागा उरली नाही, ही त्यातील तक्रार म्हणजे ब्रँडिस यांच्या कारकिर्दीच्या ताळेबंदाची दुसरी बाजू होय.

आम्ही त्यांना खलपुरुष समजत नाही. देवरायांचे मोल त्यांनी ओळखले होते आणि लोक स्वतःहून रान राखतात, हे त्यांनी लिहूनही ठेवले. उतारवयात बॉन येथे त्यांनी तरुण वनाधिकाऱ्यांना मार्ग दाखविला. अमेरिकेच्या वनखात्याचे आद्य प्रमुख गिफर्ड पिंचो त्यांपैकीच एक. भारतीय वृक्षांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९०६ साली निघाला आणि १९०७ साली त्यांनी देह ठेवला.

दोष असलाच तर तो येथे आहे. खाते, पहारा, दंड यांची योजना त्यांनी पक्की केली, आणि गावाचा हक्क मात्र अधिकाऱ्यांच्या मर्जीवर राहिला. ज्याच्या पाठीशी यंत्रणा नाही, तो सद्‌हेतू हेतूच राहतो. १९२७ चा कायदा त्याच सांगाड्यावर उभा राहिला. २००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा केला आणि २००९ साली गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाला आपल्या रानावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा ब्रँडिस यांच्या विचारातील ग्रामवनाला थोडीफार पालवी फुटली. मधल्या सव्वाशे वर्षांची किंमत ज्यांनी मोजली, त्यांची मोजदाद कोणत्याही कांबीवर झालेली नाही. झाडे मोजणाऱ्या राज्यकर्त्यांनी झाडाखालची माणसेही मोजावीत, हाच या चरित्राचा बोध आहे.